वयाने मोठा तो आधी

माणूस रानटी अवस्थेत होता तेव्हा कुलूप उघडायला त्याला किल्ली पुरत असे. संस्कृतीची सुरुवात झाली ती मंजुरीपासून. ज्या समाजात किल्लीवाला आणि मंजुरीवाला एकच असतो, तो समाज अजून गुहेत आहे असे समजावे. ज्या समाजात ते दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत, तो प्रगत होय.

या कसोटीवर आमची संस्था चांगलीच प्रगत आहे. बिश्केकच्या बाहेर, पॉप्लरच्या रांगेमागे आम्ही मेंढ्या-बकऱ्यांसाठी लसी बनवतो. तयार लस शीतगृहात राहते आणि तिथले तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवणे हे माझे काम. शीतगृहाची किल्ली माझ्या पांढऱ्या कोटाच्या डाव्या खिशात असते. (उजव्या खिशात थर्मामीटर असतो. दोन्ही एकाच खिशात ठेवू नयेत, काच फुटते.) मंजुरी मात्र केर्बेनमध्ये असते.

केर्बेन म्हणजे उंटांचा काफिला. कागद एकामागे एक शिस्तीत चालावेत म्हणून आमच्या नव्या संगणक प्रणालीला हे नाव दिले गेले. काफिल्यातला सर्वांत पुढचा उंट थांबला की मागचे सगळे थांबतात, हा गुण नावाबरोबर आपोआप आला. त्यासाठी वेगळा खर्च पडला नाही.

केर्बेन येण्यापूर्वी आमच्याकडे अंदाधुंदी होती. मेंढपाळ यायचा, चहा प्यायचा, वहीत सही करायचा आणि लसीची पेटी घेऊन जायचा. या पद्धतीत पारदर्शकता अजिबात नव्हती. लस कुठे गेली हे फक्त देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि मेंढीला माहीत असे. एका परदेशी निधीच्या पाहुण्यांनी ही उणीव दाखवून दिली, आणि ती भरून काढण्यासाठी लागणारी रक्कमही दिली. आता लस कुठे गेली नाही हे संस्थेतल्या प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर केव्हाही पाहता येते.

एवढी मोठी व्यवस्था आपोआप चालत नाही. ती आपोआप चालावी यासाठी एक माणूस पूर्ण वेळ लागतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे उलारबेक. नारिनकडच्या चांगल्या घरातला मुलगा, आवाज हळू, नखे स्वच्छ. इस्सिक-कोलच्या काठावरच्या एका हॉटेलात निवासी प्रशिक्षण घेऊन तो "सहयोग व कार्यप्रवाह स्वयंचलन प्रशासक, द्वितीय श्रेणी" झाला. ते प्रमाणपत्र त्याच्या टेबलामागे टांगले आहे. तिथे आधी मेंढीच्या चार जठरांची आकृती होती.

प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला त्याची कौशल्ये छापलेली आहेत, आणि ती वाचून कोणाचीही मान आदराने लवेल: वापरकर्ता जोडणे, वापरकर्त्याला अधिकार देणे, दिलेले अधिकार त्याला न कळता परत घेणे, एका सूचनेच्या तीन सूचना करणे, काम अडले असता ते नेमके कुठे अडले आहे याचा रंगीत आलेख काढणे, आणि "बाहेर पडून पुन्हा आत या" हे वाक्य अशा आवाजात म्हणणे, की ऐकणाऱ्याला दोष स्वतःचाच वाटावा. (अडलेले काम सोडवणे हा विषय प्रथम श्रेणीत येतो. तो अभ्यासक्रम अजून सुरू झालेला नाही.)

सुरुवातीला केर्बेनमध्ये मंजुऱ्यांचा क्रम हुद्द्याप्रमाणे होता, जसा तो मूळ परदेशी पुस्तकात दिला आहे. संस्थेची झाडलोट करणाऱ्या कालबुबू-एजेंनी (एजे म्हणजे मोठी बहीण) फरशी पुसायला दोन पोछे मागितले आणि त्या पुस्तकातली चूक उघडी पडली. अर्ज हिशेब विभागातल्या बेगिमायकडे गेला. बेगिमाय चोवीस वर्षांची. सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरे उमटली: "कालबुबू ही बेगिमायच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे."

कालबुबू-एजे झाडू भिंतीला टेकवून हिशेब विभागात गेल्या.

"पोरी, तुझ्या आईच्या लग्नात बोर्सोक कोणी तळले?"

"तुम्ही, एजे."

"तुला पाळण्यात पहिल्यांदा कोणी बांधलं?"

"तुम्हीच, एजे."

"मोठ्यानं रडत होतीस. अख्खी गल्ली जागी केलीस. आणि आता मी तुझ्या प्रतीक्षेत?"

बेगिमाय याही वेळी मोठ्याने रडली आणि तिने सहा पोछे मंजूर केले. उलारबेकने त्या दिवशी जेवण घेतले नाही. आमच्याकडे घरात दारापासून सर्वांत लांबची जागा वडीलधाऱ्यांची, तिला तोर म्हणतात. ताटातले हाडसुद्धा वयाप्रमाणे वाटले जाते. कोणते हाड कोणाला, हे चुकले तर लग्ने मोडतात. हे सगळे आम्हाला न शिकवता येते. फक्त संगणकाला ते कोणी सांगितले नव्हते. उलारबेकने सांगितले. त्याने नियमांमध्ये एक ओळ घातली: वयाने मोठा तो आधी. यापुढे प्रत्येक अर्ज धाकट्याकडून मोठ्याकडे चढत जाईल, आणि सर्वांत मोठ्याचा अंगठा पडद्याला लागला की मंजूर.

हुद्दा, पदवी आणि विभाग हे रकाने त्याने काढून टाकले. जन्मतारखेचा ठेवला.

यानंतर संस्थेचा अंतिम निर्णय कालबुबू-एजेंकडे गेला, आणि त्यांनी तो झाडलोट सांभाळून घेतला. संचालक कुबात सागिनोविच यांनी व्हिएन्नाच्या परिषदेला जाण्याची परवानगी मागितली. "मागच्या खेपेला तिथून सर्दी घेऊन आला," असा शेरा मारून एजेंनी ती नाकारली. पहिल्या तिमाहीत कागदाचा खर्च एकतृतीयांश झाला, परदेश दौरे शून्यावर आले आणि साबणाचा साठा चौपट झाला. परदेशी निधीच्या पाहुण्यांनी आलेख पाहिले आणि "निर्णयप्रक्रियेचे यशस्वी विकेंद्रीकरण" असे लिहून नेले. प्रसाधनगृह तर त्यांनी दोनदा जाऊन पाहिले.

हे मी थट्टेने लिहीत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. आमच्यात थट्टा करण्याची पद्धत नाही.

वसंत संपता संपता बेइशेनाली-अता आले.

बेइशेनाली-अता (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही अता म्हणतो) कोचकोरकडचे मेंढपाळ. त्यांचा कळप दर उन्हाळ्यात सोन-कोलच्या कुरणावर चढतो. वर बर्फ वितळून कोवळे गवत फुटते, आणि हिवाळाभर सुका चारा खाल्लेली मेंढी त्यावर तुटून पडते. अशा वेळी तिच्या आतड्यातले जंतू माजतात आणि विष तयार करतात. यालाच आंत्रविषार म्हणतात. संध्याकाळी पोटभर चरलेली धष्टपुष्ट मेंढी सकाळी पाय ताठ करून पडलेली सापडते. औषधाला वेळच नसतो. आधी लस टोचली आणि तिला अंगात भिनायला पंधरवडा दिला, तर मात्र काही होत नाही. म्हणजे कळप वर चढण्यापूर्वी लस मिळणे, एवढाच प्रश्न होता. लस मीच बनवली होती. बेइशेनाली-अतांच्या नावाची पेटी शीतगृहात, दुसऱ्या फळीवर, चार अंशांवर होती.

अता ट्रक घेऊन आले. ट्रकमध्ये बोकड होता. आमच्याकडे कळपाच्या पुढे एक खच्ची केलेला बोकड चालतो, त्याला सेर्के म्हणतात. मेंढ्या रस्ता पाहत नाहीत, सेर्केला पाहतात. तो नदीत उतरला तर त्याही उतरतात.

"याला कशाला आणलंत, अता?" मी विचारले.

"ओलीस धरलाय," ते म्हणाले. "वरच्या गवताचा वास याला इथवर येतो. हा निघाला की सगळ्या निघाल्या. हा माझ्याबरोबर आहे तोवर कळप खाली आहे. आण पोरी, पेटी आण. चहा परत कधीतरी."

मी म्हटले, "अता, आता केर्बेन आहे."

नियम साधा होता. प्रणालीबाहेर काहीही जाऊ शकत नाही. म्हणून जो वस्तू बाहेर नेणार त्याने आधी प्रणालीच्या आत यायचे. उलारबेकने अतांना खुर्ची दिली, टोपी काढायला लावून फोटो घेतला, टोपी पुन्हा घालायला लावून माफी मागितली आणि खाते उघडले. नाव, गाव, मेंढ्या. जन्मतारीख.

"बहात्तर संपली," अता म्हणाले.

कालबुबू-एजे अडुसष्टच्या होत्या.

उलारबेकने बटण दाबले. क्षणभर काही झाले नाही. मग संस्थेतल्या सगळ्या पडद्यांवर एकदम तीच ओळ आली: "बेइशेनाली यांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत." पोछे, साबण, काचेच्या नळ्या, बेगिमायची रजा, आणि संचालकांची व्हिएन्ना, जी त्यांनी वेगळ्या नावाने पुन्हा टाकली होती. सगळा काफिला उठून नव्या पुढच्या उंटामागे उभा राहिला.

कालबुबू-एजेंनी हे वाचले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि बाहेर येऊन अतांना म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला फरशी पुसायला वेळच मिळत नव्हता."

लसीचा अर्ज त्या दिवशी विलक्षण वेगाने चढला. बेगिमायने मंजूर केला, उलारबेकने केला, मी केला, संचालकांनी केला, कालबुबू-एजेंनी ओला हात पुसून केला. मग अर्ज अतांना दिलेल्या टॅबलेटवर आला. अतांनी अंगठा लावला. पडदा लाल झाला.

"काय म्हणतोय?"

उलारबेकने वाचून दाखवले, "अर्जदाराला स्वतःच्या अर्जास मंजुरी देता येणार नाही." त्याच्या चेहऱ्यावर दुःख होते, पण आवाजात किंचित अभिमानही होता. हा नियम भ्रष्टाचाराविरुद्धचा होता आणि तो चालतो की नाही हे आजवर तपासायची संधी मिळाली नव्हती.

"मग कोण देणार?"

"साखळीत सर्वांत मोठा जो असेल तो."

"तो कोण?"

"तुम्ही, अता."

अतांनी बराच वेळ बोकडाकडे पाहिले.

यावर संस्थेने कोणते उपाय पाहिले, हे पुढच्या प्रशासकांच्या उपयोगासाठी नोंदवते. अतांचे खाते काढून टाकता आले असते. पण खाते काढायलाही ज्येष्ठाची मंजुरी लागते, आणि ते बाजूला ठेवले तरी उलारबेकचे कान लाल झाले. "एजे, मी एका पांढऱ्या दाढीच्या अक्सकालांना तोरवरून उठवू?" त्याने मला विचारले. "माझ्या वडिलांना कळलं तर ते मला घरात घेतील का?" त्याचे वडील घेणार नाहीत, हे मलाही पटले. नियमातली ती ओळ बदलता आली असती. पण ओळ बदलण्याचा अर्ज अतांकडे जाणार, आणि अता त्यात लाभार्थी. पडदा लाल. संचालकांनी तोंडी हुकूम दिला असता तर? कुबात सागिनोविच म्हणाले, "मी संचालक आहे, हे खरं. पण मी शेहेचाळीस वर्षांचा आहे." शिवाय त्यांची व्हिएन्ना अतांच्या टॅबलेटवर होती. त्यांनी अतांसाठी जर्दाळूचा मुरंबा पाठवला.

"प्रणालीत वय कमी करता येतं," उलारबेक शेवटी चाचरत म्हणाला. "पाच वर्षं फक्त. नंतर परत लावून देतो."

"माझ्या बापानं माझी तारीख लिहून घेतली," अता म्हणाले. "त्याला खोटा पाडू? एका सुईसाठी?"

मग अता कामाला लागले. दुसरे काय करणार? जेवणाच्या सुट्टीनंतर ते पॉप्लरखालच्या बाकावर बसत, सेर्केची दोरी एका हातात, टॅबलेट दुसऱ्या हातात, आणि संस्था त्यांच्यासमोर रांग लावी. त्यांना संस्थेतले काही कळत नव्हते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. त्यामुळे कामाचा वेग वाढला. काचेच्या नळ्यांना ते "फुटतात त्या वस्तू कमी घ्या" म्हणाले. बेगिमायच्या रजेला "कोणाला भेटायला चाललीस?" असे विचारून, उत्तर ऐकून, "चांगलं घर आहे ते" म्हणत अंगठा लावला. समाधानाचे सर्वेक्षण केले तेव्हा कर्मचाऱ्यांचा कौल ब्याण्णव टक्के होता. उरलेले आठ टक्के संचालक होते. (आमच्याकडे कर्मचारी थोडे आहेत.) मला रोज दुपारी तापमानाची नोंद मंजूर करून घ्यायला जावे लागे. ते विचारत, "किती?" मी म्हणे, "चार अंश." ते म्हणत, "माझ्या पेटीलाही चारच?" मी म्हणे, "चारच, अता." ते अंगठा लावत. मी हात कोटाच्या खिशात घालून परत येई. किल्ली गार असे.

इकडे गवत वाढत होते. त्याला खाते नव्हते.

एका सकाळी अतांचा फोन वाजला. त्यांचा मुलगा होता, आणि तो इतक्या मोठ्याने बोलत होता की बोकडानेही कान टवकारले. शेजारचा कळप पहाटे त्यांच्या वाड्यावरून वर गेला. आपला सेर्के नाही म्हटल्यावर अतांच्या मेंढ्या कुंपण मोडून परक्या सेर्केमागे निघाल्या. पोरांनी घोडे घालून बऱ्याचशा वळवल्या. बऱ्याचशा.

अता उठले. थेट उलारबेककडे गेले.

"पोरा, तू शिकलेला आहेस. मला एवढंच सांग. तुझ्या या पेटाऱ्यात माझ्याहून मोठं माणूस आलं तर?"

उलारबेकच्या चेहऱ्यावर उजेड पडला. हे त्याच्या कौशल्यांमध्ये बसत होते: वापरकर्ता जोडणे. "मग अंतिम मंजुरी त्यांची, अता! आहे कोणी?"

"आई आहे," अता म्हणाले. "शहरातच आहे, नातीकडे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पण तिला यातलं कळता कामा नये."

"कशातलं?"

"वर जाण्यातलं. मी तिला सांगितलंय, यंदा कोणीच वर जात नाही."

अतांच्या आई, बुरुलचा-एने, दुसऱ्या दिवशी आल्या. (एने म्हणजे आई.) वय एक्याण्णव, डोक्यावर पांढरा एलेचेक बांधलेला, डोळ्यावर काळा चष्मा. एवढ्या वयाच्या पाहुण्या दारात आल्यावर त्यांना टॅबलेट पुढे करता येत नाही. सभागृहातली टेबले हलवली, गालिचा अंथरला, त्यावर दस्तरखान पसरले. बोर्सोक, लोणी, मुरंबा आला. पाहुणचाराच्या मेंढीचा अर्ज अतांकडे गेला आणि तात्काळ मंजूर झाला. स्वतःच्या आईसाठी मेंढी मंजूर करणे नियमात बसते का, हे प्रणालीला विचारता आले नाही, कारण प्रणालीत आई हा रकाना नाही. उलारबेकने हे पुढच्या आवृत्तीसाठी टिपून ठेवले. अंगणात सेर्के पाहुणचाराच्या तयारीकडे विशेष लक्ष देऊन होता.

एनेंना तोरवर बसवले. उलारबेकने जन्मतारीख घातली. काफिला पुन्हा उठला आणि त्यांच्यामागे उभा राहिला.

आता लसीचा अर्ज पुढे करावा, असे अननुभवी माणसाला वाटेल. पण केर्बेन न्यायी आहे. तो जुने अर्ज आधी पाठवतो, आणि नाकारलेले सगळे अर्ज लोकांनी नवी ज्येष्ठ व्यक्ती आल्याचे कळताच जुन्याच तारखांनी पुन्हा टाकले होते. उलारबेक गुडघ्यावर बसून एकेक वाचू लागला. एने ऐकूनच निर्णय देत.

"दहा खुर्च्या, एने."

"गालिचा आहे ना? मग?"

"संचालकांचा व्हिएन्ना दौरा."

"तो मुरंब्यावाला? बायकोला विचारलंय का त्यानं?"

कुबात सागिनोविच दाराजवळ बसले होते, वयाप्रमाणे. ते म्हणाले, "विचारतो, एने."

"विचार, मग ये."

असे करत चहाची चौथी किटली झाली तेव्हा तो अर्ज आला. उलारबेकने घसा साफ केला. "आंत्रविषाराची लस, एक पेटी. अर्जदार बेइशेनाली."

"कोण बेइशेनाली?"

"तुमचाच मुलगा, एने."

"त्याला कसली लस? त्याला मी लहानपणी टोचून आणलाय. केवढा ओरडला होता."

"त्यांना नाही, मेंढ्यांना. वरच्या गवतावर जायच्या आधी..." उलारबेक थांबला. उशीर झाला होता.

एनेंनी काळा चष्मा काढला आणि जिथून मुलाचा श्वास ऐकू येत होता तिकडे तोंड केले.

"वर कोणीच जात नाहीये, ना?"

"आई..."

"गवत वाईट आहे म्हणालास. रस्ता खचलाय म्हणालास."

"आई, तुझे डोळे. डॉक्टर म्हणाले, ऊन नको, वारा नको."

"सोन-कोलवर मी साठ उन्हाळे काढले. तुझा जन्म तिथला. इथे नात मला सोफ्यावर बसवते आणि टीव्ही लावते. टीव्हीत लोक रडतात. मी का बघू? माझी माणसं मेलेली मला पुरेशी आहेत." त्या उलारबेककडे वळल्या. "पोरा, हे नाकारलं, तर?"

"लस मिळणार नाही, एने."

"आणि लस नाही मिळाली, तर कळप वर जाणार नाही?"

"नाही, एने."

"मग नाकार."

मी बऱ्याच संस्थांत काम केले आहे, पण अंतिम अधिकाराचे स्वरूप इतक्या लवकर समजलेली व्यक्ती पाहिली नाही.

अता आईसमोर गालिच्यावर बसले. त्यांच्या फोनमध्ये सकाळपासून मुलाचे नाव तीनदा येऊन गेले होते. "येतेस तू," ते म्हणाले. "ट्रकमध्ये पुढे बस. सेर्के मागे. पण चष्मा काढायचा नाही, आणि घोडीच्या दुधाचं कुमिस मी देईन तेवढंच प्यायचं."

"ते वर गेल्यावर ठरवू," एने म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले.

सगळ्यांनी तळवे वर केले. एनेंनी बाता, म्हणजे आशीर्वाद, दिली: वाट मोकळी होवो, गवत गोड लागो, पुढे जाणारा बोकड शहाणा असो, आणि या घरातल्या पोरांना कामधंदा मिळो. "ओमीन," त्या म्हणाल्या आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "ओमीन," अख्खे सभागृह म्हणाले.

उलारबेकने टॅबलेट पुढे केला. "आता फक्त अंगठा, एने."

"कशाला?"

"मंजुरीसाठी."

"दिली की आत्ता. तू नव्हतास? बाता दिल्यावर कोणी अंगठा मागतं? तो कोणाचा अपमान, माझा की देवाचा?"

इथे द्वितीय श्रेणीच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशासकाने हात टेकले असते. उलारबेकने बाही वर केली. त्याने प्रणालीला सभागृहाचा मायक्रोफोन जोडला आणि एक नवा नियम लिहिला: दारापासून सर्वांत लांबून "ओमीन" ऐकू आले आणि त्यामागे किमान पाच आवाजांनी "ओमीन" म्हटले, तर ते मंजूर समजावे. (नियम जोडायलाही मंजुरी लागते. ती आता एनेंची होती, आणि त्यांनी ती मान हलवून दिली. मान हलवणे कसे नोंदवले, हे उलारबेकने मला सांगितलेले नाही.) मग त्याने एनेंना विनंती केली की कृपा करून पोरांना आणखी एक आशीर्वाद द्यावा. आशीर्वादाला त्या नाही कशा म्हणतील?

"ओमीन," एने म्हणाल्या.

"ओमीन," आम्ही सगळे म्हणालो. कालबुबू-एजे सर्वांत मोठ्याने.

पडदा हिरवा झाला. त्या एका ओमीनबरोबर रांगेतले बाकीचे सगळे अर्जही मंजूर झाले, व्हिएन्नासकट. कुबात सागिनोविच दाराजवळून हळूच उठून बायकोला विचारायला गेले.

मी शीतगृहापाशी गेले, खिशातून किल्ली काढली, दार उघडले, दुसऱ्या फळीवरची पेटी बर्फासकट अतांच्या हातात दिली आणि दार लावले. एने ट्रकमध्ये पुढे बसल्या. सेर्केने माझ्याकडे पाहिले. बोकड पाहतो तसेच पाहिले.

वार्षिक अहवालात हे प्रकरण आदर्श उदाहरण म्हणून गेले आहे. अंतिम मंजुरीपासून वस्तू हातात पडेपर्यंत लागलेला वेळ: चार मिनिटे, चालण्यासह. प्रदेशातील संस्थांमध्ये हा विक्रम आहे. परक्या सेर्केमागे जाऊन कोवळ्या गवतावर पोचलेल्या मेंढ्यांपैकी किती सकाळी ताठ झालेल्या सापडल्या, हे मला अतांनी फोनवर सांगितले. अहवालात तो आकडा नाही. त्या मेंढ्यांची खाती नव्हती. लस टोचलेला बाकीचा कळप पंधरवडा खाली थांबला, उरलेला सुका चारा खाऊन मग वर चढला, आणि बुरुलचा-एने तळ्याकाठी उन्हात बसून, चष्मा काढून, हवे तेवढे कुमिस पीत आहेत असे कळते. त्यांचे खाते अजून चालू आहे. आमचे अर्ज त्यांच्याकडे जातात. सोन-कोलवर फोन लागत नाही, त्यामुळे सध्या संस्थेत पूर्ण शांतता आहे.

पुढच्या वर्षी प्रथम श्रेणीचा अभ्यासक्रम सुरू होत आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेचा एक प्रश्न तयार करून देण्याची विनंती उलारबेकने मला केली. शास्त्राच्या माणसाला शोभेल असा, सर्व माहिती आधीच दिलेला प्रश्न हवा होता. मी हीच हकीकत लिहून दिली. किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे मी दुसऱ्या परिच्छेदात लिहिले. कोणत्या खिशात तेही लिहिले. पेटी कोणत्या फळीवर आहे ते लिहिले. ती किल्ली मंजुरीवाचून फिरत नाही, असे मी कुठेही लिहिलेले नाही.

परीक्षार्थीने फक्त एवढे सांगायचे की वाचताना तो कोणत्या ओळीवर थांबून म्हणाला, "अहो, मग उघडा की दार." जे कुठेच थांबले नाहीत, अता, कालबुबू-एजे, एने अशा एकेका पुढच्यामागे चालत शेवटी पडदा हिरवा झाल्यावर ज्यांना हायसे वाटले, त्या सर्वांना प्रवेश आहे.

आपली जन्मतारीख कळवावी.